प्लेट काढल्यानंतरचा मेडिकल बोर्ड: जुनी दुखापत किंवा ऑपरेशन असताना सैन्यात जायचं असेल तर

मेडिकलच्या पहिल्या दिवशी जो फॉर्म भरून घेतात, त्यात आधी झालेले आजार, दुखापती आणि ऑपरेशन यांची माहिती विचारलेली असते. माझ्या शेजारी बसलेली मुलगी तिथं बराच वेळ पेन धरून बसली होती. तिच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं आणि ते लिहावं की नाही हे तिचं ठरत नव्हतं. मी लिहिलं: डाव्या हाताची दोन्ही हाडं मोडली होती, प्लेट बसवल्या होत्या, नंतर काढल्या. मग तिला म्हटलं, लिहून टाक, पोटावरचा व्रण ते बघणारच आहेत.

एकोणिसाव्या वर्षी स्कूटरवरून पडले तेव्हा रेडियस आणि अल्ना ही कोपर-मनगटामधली दोन्ही हाडं मधोमध मोडली. दोन प्लेट, बारा स्क्रू. हॉस्पिटलच्या खाटेवरच कुणीतरी सांगितलं की आता सैन्याचं विसर. तसं सांगणाऱ्यांनी नियम वाचलेले नसतात, हे मला पुढं कळलं. मी सीडीएस या सैन्यातल्या अधिकारी भरतीच्या परीक्षेतून चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत गेले आणि लघुसेवा कमिशनची वर्षं पूर्ण केली. पण त्याआधी एकदा अनफिट ठरले होते, आणि तेही हातामुळे नाही, एका चुकीच्या शब्दामुळे. त्याबद्दल पुढं लिहिलंय.

सगळ्यात आधी नियम स्वतः वाचा. एनडीए आणि सीडीएसच्या संघ लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीला शेवटी परिशिष्ट असतं, त्यात भूदल, नौदल आणि हवाई दलाचे शारीरिक निकष वेगवेगळे दिलेले असतात. अकॅडमीतले सर, मित्राचा भाऊ, व्हिडिओतला माणूस यांच्याकडून ऐकू नका. ज्या वर्षी अर्ज करणार त्याच वर्षीची जाहिरात उघडा, कारण निकष बदलतात. वाचताना तुमची दुखापत कोणत्या खान्यात पडते ते शोधा. "फ्रॅक्चर झालं होतं" एवढ्यावर काहीच ठरत नाही.

हाडांच्या बाबतीत पहिला प्रश्न असा की मोड सांध्याच्या आत गेला होता का. खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा, घोटा या मोठ्या सांध्यांच्या पृष्ठभागापर्यंत गेलेला मोड अनफिट धरतात, मग ऑपरेशन झालेलं असो वा नसो. सांध्याबाहेरचा मोड असेल तर वाट उघडी असते. प्लास्टरवर जुळलेल्या लांब हाडाचा विचार दुखापतीनंतर ९ महिन्यांनी होतो. प्लेट, रॉड, स्क्रू आत असतील तर तेवढ्या काळात अनफिट. ते काढल्यावर किमान १२ आठवडे जावे लागतात. त्यानंतरही हाड वाकडं जुळलेलं नसावं, नसा आणि रक्तवाहिन्या शाबूत असाव्यात, स्नायू झिजलेला नसावा, हाडात जंतुसंसर्ग राहिलेला नसावा आणि हालचाल पूर्ण असावी. गळपट्टीचं हाड म्हणजे क्लॅव्हिकल थोडं वेडंवाकडं जुळलं असेल, पण काम नीट करत असेल आणि व्यंग नजरेत भरत नसेल, तर चालतं. जुळलंच नसेल तर चालत नाही.

पुन्हा पुन्हा निखळणारा खांदा आणि गुडघ्यातल्या एसीएल लिगामेंटची पुनर्रचना या दोन गोष्टींनी मी सगळ्यात जास्त मुलं खचलेली बघितली. एसीएलचं ऑपरेशन उत्तम झालं, मुलगा धावतोय, उड्या मारतोय, आणि तरी निकषात 'अनफिट' लिहिलेलं असतं. वारंवार निखळणारा खांदा ऑपरेशन करून घट्ट केला तरी तीच गत. तुमच्या दुखापतीला असं स्पष्ट वाक्य लागू होत असेल तर ते आजच वाचा, तीन वर्षं तयारी करून मग नको. अमेरिकेच्या सैन्यात वैद्यकीय निकषातून सूट मागण्याची रीतसर पद्धत आहे आणि इंटरनेटवरचे बरेच किस्से तिथले असतात, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे उमेदवाराला अपील करता येतं. अपिलात पुन्हा तपासणी होते, पण ती त्याच निकषाने होते.

हाडांखेरीज दोन गोष्टी नेहमी विचारल्या जातात. हर्नियाचं ऑपरेशन झालं असेल तर ६ महिने उलटलेले असावेत, कागद असावा, पोटाचे स्नायू घट्ट असावेत आणि हर्निया परत आलेला नसावा. डोळ्यांचं लेसिक केलं असेल तर एनडीएची वाट बंद होते. सीडीएसला ज्या शाखांमध्ये ते चालतं तिथं ऑपरेशन वयाच्या २० वर्षांनंतर झालेलं असावं, त्याला १२ महिने झालेले असावेत, कॉर्नियाची मध्यभागातली जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी, डोळ्याची अक्षीय लांबी २६ मिलिमीटरच्या आत असावी आणि उरलेला नंबर एकच्या आत असावा. सतराव्या वर्षी चष्मा घालवायला निघालेल्या मुलांच्या आईवडिलांना हे कुणी सांगत नाही, म्हणून इथं लिहितेय. कॉर्नियावर चिरा देऊन केलेली जुनी रेडियल केराटोटॉमी झालेली असेल तर कायमचं अनफिट.

आता प्लेट कधी काढायची, याबद्दल. हा माझा स्वतःचा अनुभव आहे आणि इथं घाई सगळ्यात महागात पडते. हाडावर घट्ट बसलेली प्लेट भार स्वतःवर घेते, त्यामुळे तिच्याखालचं हाड थोडं दुबळं पडतं. स्क्रू काढल्यावर भोकं उरतात आणि ती भरून यायला महिने लागतात. हाताच्या पुढच्या भागातली हाडं प्लेट काढल्यावर पुन्हा मोडण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत, विशेषतः प्लेट लवकर काढली तर. माझ्या सर्जननी वीस महिने होईपर्यंत हात लावला नाही. मी दर भेटीत "कधी" विचारायचे आणि ते एक्स-रे उजेडाला धरून म्हणायचे, "हाडाला विचारतोय."

निकषात लिहिलेले १२ आठवडे हे कमीत कमी आहेत. बोर्डापुढे, म्हणजे तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांपुढे, जायची पात्रता तिथं सुरू होते. हाड मजबूत झाल्याची ग्वाही त्यात नाही. प्लेट काढल्यावर मला सहा आठवडे वजन उचलायला मनाई होती आणि चार महिने दोर, पुल-अप, कबड्डी, कुस्ती सगळं बंद होतं. म्हणून हिशेब उलटा मांडा. वयाची मर्यादा कधी संपते, त्याआधीच्या शेवटच्या दोन परीक्षा कोणत्या, त्यांच्या मुलाखती साधारण कधी होतात, मेडिकल कधी येईल. तिथून मागं येत किमान सहा-आठ महिने मोकळे ठेवा आणि प्लेट काढायची तारीख त्याआधी बसवा. एसएसबीची, म्हणजे निवड मुलाखतीची, तारीख आली म्हणून पंधरा दिवसांत ऑपरेशन करून घेतलेला एक उमेदवार माझ्याच तुकडीत मेडिकलला होता. १२ आठवडे भरलेच नव्हते. तो बोर्डापुढे उभा राहिला तेव्हाच निकाल ठरलेला होता.

हेही सांगते की प्लेट काढण्याचं ऑपरेशन छोटं नसतं. जुन्या व्रणातून पुन्हा आत जाताना नसेला इजा होऊ शकते, आणि मग फ्रॅक्चरमुळे नाही तर त्या नसेमुळे अनफिट व्हायची वेळ येते. सर्जनला स्पष्ट सांगा की तुम्हाला सैन्यात जायचंय. त्यांना विचारा: या जागची प्लेट काढण्यात धोका किती, हाड चारही बाजूंनी जुळलंय का, काढल्यावर किती दिवसांनी पूर्ण भार देता येईल. उत्तरं तारखेसकट कागदावर लिहून घ्या.

हाड जुळलं म्हणजे हात परत आला असं नाही. कोपर आणि मनगट यांच्यामध्ये ही दोन हाडं एकमेकांभोवती फिरतात, म्हणून आपण तळवा वर-खाली करू शकतो. रेडियसला एक नैसर्गिक बाक असतो. तो गेला की फिरणं कमी होतं. माझा तळवा खाली पूर्ण वळायचा, पण वर वळताना अडायचा, आणि ते मला बरेच महिने कळलंच नव्हतं, कारण मी नकळत खांदा झुकवून ते भरून काढत होते. घरी तपासायची साधी रीत अशी: दोन्ही कोपरं काटकोनात वाकवून बरगड्यांना घट्ट चिकटवा, दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल उभी धरा आणि मुठी बाहेरच्या बाजूला वळवा, मग आतल्या बाजूला. समोर कुणाला तरी उभं करून फोटो काढायला सांगा. दोन पेन्सिली सारख्याच झुकायला हव्यात. माझी डावी पेन्सिल उजवीपेक्षा चांगलीच मागं होती. फिजिओथेरपिस्टनी मला हातोडी दिली. दांडा शेवटाला धरायचा आणि हातोडीच्या वजनानं मूठ सावकाश बाहेर वळू द्यायची, तिथं थांबायचं, परत आणायची. रोज दोन वेळा, पाच महिने. कंटाळवाणं काम आहे, आणि यानंच माझा हात परत आणला.

पायाची दुखापत असेल तर हाच न्याय पायाला लावा: एका पायावर उभं राहून हळूहळू बसता येतं का, एका पायाच्या चवड्यावर दुसऱ्याइतक्या वेळा उठता येतं का, उकिडवं बसताना टाच उचलली जाते का. टेप घेऊन दोन्ही मांड्यांचा, दोन्ही पोटऱ्यांचा घेर एकाच उंचीवर मोजा. बोर्डातला सर्जनही दोन्ही बाजू शेजारीशेजारी ठेवून बघतो. दुखऱ्या बाजूची तुलना तुमच्या स्वतःच्याच चांगल्या बाजूशी होते. मी दर रविवारी कोपराच्या टोकापासून दहा सेंटिमीटर खाली पेननं खूण करून दोन्ही हात मोजायचे आणि वहीत लिहायचे. ती वही बोर्डानं बघितली नाही, पण फिजिओ आणि मी तिच्यावरूनच व्यायाम ठरवत होतो. आणि धावणं वाढवताना सावकाश. भरतीच्या आधी अचानक मैल वाढवणाऱ्यांच्या नडगीला बारीक तडे जातात. एक दुखापत भरून काढताना दुसरी ओढवून घेतलेली मी डोळ्यांनी बघितलीय.

आता कागद. इथं मी चुकले, म्हणून इथं सावकाश वाचा.

फाइलमध्ये हे हवं: मोडल्या दिवसाचा एक्स-रे, पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची सविस्तर नोंद, मधल्या भेटींचे ओपीडी पेपर, प्लेट काढल्याचं डिस्चार्ज कार्ड आणि नोंद, काढल्यानंतर लगेचचा एक्स-रे, आणि बोर्डाच्या महिनाभर आधीचा ताजा एक्स-रे. एक्स-रे समोरून आणि बाजूनं असे दोन्ही हवेत, आणि त्यात वरचा आणि खालचा सांधा दिसायला हवा. मधलंच हाड दिसणारा फोटो दाखवलात तर सांध्याचं काय, हा प्रश्न येणारच. शेवटी सर्जनचं एका पानाचं पत्र: काय झालं होतं, कोणत्या तारखेला काय केलं, आज हालचाल किती, ताकद किती, पुढं कोणत्या उपचारांची गरज आहे का.

कागद हरवले असतील तर हॉस्पिटलकडं लेखी अर्ज करा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायचे असतात आणि रुग्णानं मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. म्हणजे तीन वर्षं उलटली की मिळतीलच याची खात्री नाही. तुमचं ऑपरेशन गेल्या दोन वर्षांत झालं असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी तो अर्ज लिहा.

आणि कागद हातात आला की शब्दन् शब्द वाचा. माझ्या प्लेट काढल्याच्या डिस्चार्ज कार्डावर 'डावा' ऐवजी 'उजवा' असं छापलं होतं. टाइप करणाऱ्याची चूक. मी ते कार्ड घेतलं, फाइलला लावलं आणि आठ महिने त्याच्याकडं बघितलं नाही. बोर्डातल्या सर्जननी माझा डावा हात बघितला, व्रण बघितले, एक्स-रे बघितला, मग कार्ड वाचलं. "प्लेट कोणत्या हाताची काढली?" मी म्हटलं, डाव्या. त्यांनी कार्ड माझ्याकडं वळवलं. माझ्या पोटात खड्डा पडला. त्यांच्या दृष्टीनं डाव्या हातातल्या प्लेट कधी निघाल्या याचा पुरावाच नव्हता, आणि पुराव्याशिवाय १२ आठवडे मोजायचे कुठून? त्यांनी आवाज चढवला नाही, मला खोटं ठरवलं नाही. पण निकालाच्या दिवशी माझ्या नावापुढं 'अनफिट' होतं. म्हणून नाव, वय, बाजू, तारीख, हाडाचं नाव, प्लेटची संख्या हे सगळं हॉस्पिटलमधून निघायच्या आधी तपासा. चूक दिसली तर तिथंच दुरुस्त करून घ्या, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक यांसकट.

बोर्डापुढं कसं बोलायचं याबद्दल लोक फार घाबरलेले असतात. विचारलं तेवढं सांगा, पण पूर्ण सांगा. "सर, अमुक महिन्यात दोन्ही हाडं मोडली, प्लेटिंग झालं, वीस महिन्यांनी प्लेट काढल्या, आता आठ महिने झाले, हे कागद." एवढंच. दुखतं का विचारलं आणि थंडीत जरा ठणकत असेल तर तसं सांगा; पण न विचारता भीती सांगत बसू नका. फाइल तारखेच्या क्रमानं लावलेली असावी, म्हणजे विचारलेला कागद लगेच सापडतो. त्यांना दिवसभरात कितीतरी उमेदवार बघायचे असतात.

लपवायचा विचार मनात येतो, येणारच. माझ्याही आला होता. व्रण, एक्स-रेमधली स्क्रूची भोकं, दोन हातांच्या घेरातला फरक हे सगळं न बोलता दिसतं. समजा निभावलंच, तर पुढं प्रशिक्षणात तीच जागा मोडते तेव्हा पहिला प्रश्न येतो की ही दुखापत आधीची होती का, आणि ती सेवेमुळे झाली असं ठरण्यावर अपंगत्वाची भरपाई अवलंबून असते. जवान म्हणून भरती होणाऱ्यांसाठी तर लष्कर कायदा, १९५० चं कलम ४४ आहे: भरतीच्या फॉर्ममधल्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्याचं सिद्ध झालं तर कोर्ट मार्शलमध्ये पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्या मुलाचं हाड नीट जुळलंय त्यानं एवढी जोखीम का घ्यावी? त्याच्याकडं सांगण्यासारखं उत्तर आहे.

अनफिट ठरलात तर त्या क्षणी दोन गोष्टी करा. कारण नेमकं काय लिहिलंय ते स्वतःच्या वहीत जसंच्या तसं उतरवून घ्या, आणि अपील करणार असल्याचं तिथंच कळवा. अधिकारी प्रवेशात पहिली तपासणी करणाऱ्या स्पेशल मेडिकल बोर्डानंतर अपील मेडिकल बोर्ड असतो आणि त्यासाठी जास्तीत जास्त ४२ दिवस मिळतात. 'तात्पुरतं' आणि 'कायमचं' या दोन्ही शेऱ्यांवर अपील होतं. त्यानंतर रिव्ह्यू मेडिकल बोर्ड आहे, पण तो मागितला म्हणून मिळतोच असं नाही, आणि त्याचा अर्ज अपील बोर्डाच्या निकालानंतर एका दिवसाच्या आत करावा लागतो. अग्निवीर भरतीत मिलिटरी हॉस्पिटलमध्ये फेरतपासणीला पाठवतात आणि तिथली मुदत याहून बरीच लहान असते. स्लिपवरची तारीख हीच खरी तारीख.

४२ दिवस ऐकायला खूप वाटतात. पहिले चार दिवस मी नुसती पडून होते. बाबांनी फाइल उचलली आणि म्हणाले, "चल, आधी तो शब्द बदलून आणू." ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलमधून दुरुस्त कार्ड, भूल देण्याच्या नोंदीची प्रत जिच्यावर 'डावा' बरोबर लिहिलेलं होतं, आणि सर्जनचं खुलाशाचं पत्र, हे मिळायला नऊ दिवस गेले. मग एका सरकारी हॉस्पिटलच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडून नव्यानं तपासणी आणि नवे एक्स-रे. उरलेले दिवस हातोडी, ठरल्याप्रमाणे दोन वेळा. तुमचं कारण कागदाचं असेल तर कागद आणा. हालचालीचं असेल तर फिजिओकडं रोज जा. वेळ न भरल्याचं असेल आणि ४२ दिवसांत भरणार नसेल, तर पुढच्या परीक्षेचा अर्ज आधी भरा.

अपील बोर्डात अस्थिरोगतज्ज्ञ लेफ्टनंट कर्नल होत्या. त्यांनी आधीचा शेरा वाचला, दुरुस्त कार्ड आणि भूल देण्याची नोंद शेजारीशेजारी ठेवली, तारखा बोटांवर मोजल्या. मग म्हणाल्या, "कोपरं बरगडीला लाव. मुठी बाहेर वळव." मी वळवल्या. त्यांनी दोन्ही मुठींकडं बराच वेळ बघितलं, माझं मनगट धरून आणखी थोडं वळवून पाहिलं, सोडलं, आणि फॉर्मवर ओळखीच्या खुणेच्या रकान्यात लिहिलं: डाव्या हाताच्या पुढच्या भागावर शस्त्रक्रियेचे दोन व्रण.